एकशे पन्नासच्या आत

१ ऑगस्ट, शुक्रवार

मुक्काम लेकीकडे. जावई बोटीवर इंजिनियर. डिसेंबरच्या आत त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. लेक पंधरा आठवड्यांची गरोदर आणि सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत प्रयोगशाळेत. सबब अस्मादिकांनी वर्तमानपत्रातून लांब रजा काढली. संपादक म्हणाले, "बाई, तिथूनही काही पाठवत चला." म्हटलं, "बातमी जानेवारीत फुटेल. तोवर सूत्रांनी बोलायला नकार दिलाय."

सामान लावलं. उशाशी पाण्याच्या दोन बाटल्या, डोळ्यांत घालायचे थेंब आणि संस्कृतचा कोश. कोश जड आहे, पण त्यावर चहाचा कप छान बसतो. लेक बघून म्हणाली, "आई, तू वाळवंटात राहायला आलीयस का?" गेली तीसेक वर्षं माझा घसा कोरडा, डोळे कोरडे आणि सकाळी बोटं आखडलेली. सासूबाई म्हणत, ही बाईच कोरडी. खंडन करायला माझ्याकडे कधी ओला पुरावा नव्हता.

लेकीचं घरातलं नाव मुंगी, कारण लहानपणापासून स्वतःहून मोठं काहीतरी ओढत असते. हल्ली ती ताटलीत हृदयाच्या पेशी वाढवते. कोऱ्या पेशी घ्यायच्या, त्यांना दाणापाणी घालून हृदयाच्या वाटेला लावायचं. नवव्या-दहाव्या दिवशी त्या आपण होऊन धडधडू लागतात. त्यांच्या भिंतीत कॅल्शियम आत घेणारी दारं असतात. ती कधी तयार होतात, किती, कशी उघडतात, हा तिचा विषय. शरीराला नऊ दारं एवढंच मी शिकलेले. ही म्हणते एकेका पेशीला हजारो.

सध्या मात्र पेशी रुसल्यात. "चालू होतात आणि मंदावतात गं. तीन खेपा फेकल्या. उबवणपेटीच बिघडलीय बहुतेक."

जेवताना मला पोटावर हात ठेवू दिला. अजून काही कळत नाही म्हणाली. मला तर कळतं की मी घाबरलेय. कशाला, ते इथेही लिहिणार नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी डबा घेऊन प्रयोगशाळेत गेले. लांबट खोली, पंख्यांची घरघर, फ्रिजवर "यात जेवण ठेवू नये" आणि त्याखाली कुणीतरी "जेवणात हे ठेवू नये" लिहिलेलं. मुंगीचा सहकारी साडेसहा फूट. सगळे त्याला लंबू म्हणतात, तोही म्हणतो.

झालं असं. या पेशींच्या खाण्यात माणसाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, थोडंसं घालावं लागतं. निरोगी माणसाचं, बाटलीत विकत मिळतं. यंदा बाटली आलीच नाही. अशा वेळी इथली रीत अशी की बाही वर करायची आणि आपलंच रक्त काढायचं. निरोगी माणूस आणखी कुठे शोधायचा? मुंगीने तेच केलं होतं. गेल्या आठवड्यात, दोष उबवणपेटीचाच आहे ना हे ताडून पाहायला लंबूनेही आपलं रक्त दिलं. दोन्ही ताटल्या त्याच पेटीत, शेजारी शेजारी.

"या काकू, बघा," लंबू म्हणाला. सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पेशींची एक चटई अख्खी आकसते, सैलावते, पुन्हा आकसते. कुणी सांगितलेलं नाही, कुणासाठी नाही, तरी चाललंय. मी वाकलेलीच राहिले.

"ही माझी. आणि ही हिची." दुसऱ्या ताटलीत चटई एकदा आकसली. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक कोपरा हलल्यासारखा झाला.

"काय आहे रे तुझ्या रक्तात, जे माझ्यात नाही?" मुंगी म्हणाली.

"चहा."

ती हसली. डबा उघडला, बंद केला. मग हळूच म्हणाली, "उलट विचारलं मी. माझ्या रक्तात काय आहे?"

लंबू हसत होता तो थांबला. तिचा एक हात ओट्यावर होता, दुसरा कधी पोटावर गेला ते तिलाही कळलं नसावं. मला कळलं.

११ ऑगस्ट, सोमवार

रक्ताचा अहवाल आला. मुंगीच्या रक्तात प्रतिपिंड आहेत. पिंडाच्या विरुद्ध ते प्रतिपिंड; हा शब्द ज्याने घडवला त्याच्या घरी तेव्हा नातवंड यायचं नव्हतं.

तिने मला समजावलं, स्वयंपाकघरात, लसूण सोलत. म्हणजे शरीराचे पहारेकरी. तिच्यात काहींना घरचे-परके कळत नाहीत. वारेतून ते बाळापर्यंत पोचतात आणि हृदयाच्या पेशींवरच्या कॅल्शियमच्या दारांना जाऊन चिकटतात. दारं घटतात, ठोक्याचा निरोप वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात उशिरा पोचतो. कधी पोचतच नाही. एकदा वाट पुरती बंद झाली की पुन्हा उघडत नाही.

"मग तुझं हृदय कसं ठणठणीत?"

"मोठ्या माणसाच्या पेशीत कॅल्शियमचा घरचा साठा असतो गं. बाळाची पेशी अजून तयार होतेय, तिच्याकडे कोठार नाही. प्रत्येक ठोक्याला बाहेरून आणायचं. दार बंद तर चूल बंद."

"आणि तुला काहीच त्रास नाही?"

"बऱ्याच बायकांना नसतो. बाळामुळेच कळतं."

शंभरात दोघींच्या बाळांना होतं म्हणे. आयुष्यभर मी दोन टक्क्यांच्या बातम्या चौथ्या पानावर खाली लावल्या. लसूण किती सोलला ते नंतर पाहिलं. आठवडाभर पुरेल.

१४ ऑगस्ट, गुरुवार. सतरा आठवडे.

आजपासून सव्वीसाव्या आठवड्यापर्यंत दर गुरुवारी तपासणी. धोक्याचे दिवस हेच. डॉक्टरीणबाई बाळांच्याच हृदयाच्या, तीही जन्मायच्या आधीच्या. गरजेपुरतं बोलतात. पडद्यावर करड्या धुक्यात एक शेंगदाण्याएवढी धावपळ. वरच्या कप्प्याच्या ठोक्यापासून खालच्या कप्प्याच्या ठोक्यापर्यंतचा वेळ मोजला: सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले एकशे चोवीस.

"उत्तम. एकशे पन्नासच्या आत राहायला हवं." त्यांनी एक गोळी दिली, मूळ हिवतापाची, या पहारेकऱ्यांनाही थोडी आवरते. आणि एक छोटं यंत्र: सकाळ-संध्याकाळ घरीच ठोके ऐकायचे. मंद किंवा अडखळते वाटले तर तासाभरात निघायचं.

मग फॉर्म भरताना माझ्याकडे वळल्या. "आई, तुमच्याकडे कुणाचं मूल पोटात गेलंय? तुमचं, बहिणीचं?"

मी म्हटलं, "नाही."

प्रश्न विचारणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. खोटं उत्तर मी आवाजावरून ओळखते. माझं अगदी सराईत होतं.

१७ ऑगस्ट, रविवार

लिहून टाकते. वही कुणी वाचत नाही.

मुंगीच्या आधी एक होता. मुंगीला माहीत नाही. सहावा महिना होता, माझी एम.ए.ची शेवटची परीक्षा होती, व्याकरणाचा पेपर. केंद्र दुसऱ्या गावी. सगळे नको म्हणत होते. मी खडबडीत रस्त्याने बसने गेले, चार तास. पेपर सुरेख गेला. दहा दिवसांनी पोटात शांत झालं. निकाल आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पहिला वर्ग मिळाला, पहिलं मूल गेलं." बाई बोलण्यात चोख होत्या.

मी तेव्हा रडलेही नाही. डोळ्यांत रेती घातल्यासारखं व्हायचं, पण पाणी नाही. बायका कुजबुजल्या. आमचे गृहस्थ काहीच बोलले नाहीत. ते जमीन मोजणीच्या खात्यात; जे मोजता येत नाही त्यावर बोलत नाहीत.

आता डॉक्टरीणबाईंना काय सांगू? बस खडबडीत होती? त्याचा मुंगीच्या रक्ताशी काय संबंध. उगाच पोरीला घाबरवायचं. नकोच.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी सव्वासहा. मुंगी अर्धवट झोपेत, मी यंत्र लावलं. रोज घोड्याच्या टापांसारखे येतात: एकशे चाळीस, पंचेचाळीस. आज यंत्र म्हणालं, बहात्तर.

जागा बदलली. त्र्याहत्तर.

"मुंगे, ऊठ." "काय झालं?" "काही नाही, ऊठ, चप्पल घाल." ती माझ्याकडे बघून पांढरी पडली. रिक्षा मिळेना, दूधवाल्याच्या टेम्पोत बसून निघालो. त्याने एकदाही ब्रेक लावला नाही. लावला असता तर माझी बस मला आठवली असती. ती तशीही आठवली.

ड्यूटीवरच्या नर्सने यंत्र पाहिलं, बोटभर सरकवलं, आणि टापा सुरू झाल्या. एकशे सत्तेचाळीस.

"काकू, तुम्ही आईची नाडी ऐकत होतात. पोटातल्या मोठ्या धमनीची. बहात्तर झकास आहे, तुमची मुलगी अगदी तंदुरुस्त आहे."

परत येताना मुंगी हसून हसून दमली. "आई, मी जिवंत आहे, एवढं तरी कळलं ना तुला?" मग माझा हात धरून म्हणाली, "तू एवढी का घाबरतेस गं? माझ्यापेक्षाही जास्त."

म्हटलं, "वयानुसार जास्त असते. तीन घोट पाणी दे."

११ सप्टेंबर, गुरुवार. एकवीस आठवडे.

मधले गुरुवार बरे गेले. एकशे सव्वीस, एकशे पंचवीस, पुन्हा सव्वीस. मी तर संपादकांना एक टिपणही पाठवलं.

आज एकशे त्रेचाळीस.

डॉक्टरीणबाईंनी तीनदा मोजलं. "मर्यादेत आहे," म्हणाल्या. त्या गरजेपुरतं बोलतात हे मी आधी गुण म्हणून लिहिलं होतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार. बावीस आठवडे.

एकशे एकोणपन्नास.

मुंगी छताकडे बघत होती. तिला आकड्यांचा अर्थ माझ्याहून जास्त कळतो, हेच वाईट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दिवसाआड या. घरी दिवसातून तीनदा ऐका. एकशे पन्नासच्या वर गेलं तर दुसरं औषध, पण त्याची खात्री मी देत नाही.

बाहेर बाकावर मुंगी म्हणाली, "ताटलीत मी काय करायचे माहितीये? माझं सीरम धुऊन काढायचे. दुसरं घालायचे. दोन दिवसांत पुन्हा धडधडायच्या. इथे मला मलाच धुऊन काढता येत नाहीये."

मी थेंब काढले, डोळ्यांत घातले. एक थेंब गालावर गेला. ती म्हणाली, "रडू नको ना आई."

मी रडत नव्हते. हे तिला सांगायचा धीर झाला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सांगितलं.

सकाळी तीही न झोपलेली, मीही. चहा ठेवला आणि चुलीकडे तोंड करूनच सांगितलं. व्याकरण, बस, चार तास, सासूबाईंचं वाक्य. आणि डॉक्टरांना मी खोटं बोलले ते. आणि माझ्यामुळेच हे तिच्यापर्यंत आलं असेल तर... ते वाक्य पुरं झालं नाही.

चहा उतू गेला. मला वाटलं ती ओरडेल. ती उठली, गॅस बंद केला.

"तो मुलगा होता?"

"हो."

"म्हणजे मला दादा होता." मग म्हणाली, "किती आठवडे?"

"आठवड्यांत मोजायची पद्धत नव्हती गं. सहावा महिना."

तिचा चेहरा बदलला. मला तो चेहरा माहीत आहे. आकडा जुळेनासा झाला की असा होतो. "बसने काही होत नाही, आई. अर्धं जग बसने जातं. त्याचे ठोके कुणी मोजले होते का?"

"मला काय माहीत? मला कुणी काही सांगितलंच नाही."

"बाबांना फोन लाव."

मी नाही लावला. तिने लावला, बाल्कनीत जाऊन. काचेतून दिसत होतं: ती बोलत होती, मग फक्त ऐकत होती. एवढा वेळ आमच्या गृहस्थांचं बोलणं ऐकणारी व्यक्ती मी प्रथमच पाहिली.

२० सप्टेंबर, शनिवार

आज एकशे अठ्ठेचाळीस.

तपासणीच्या खोलीतच मुंगीने डॉक्टरीणबाईंपुढे फोन धरला. गृहस्थांनी एका कागदाचा फोटो पाठवला होता. घड्या पडून पिवळा झालेला, इस्पितळाचा. एकतीस वर्षं मोजणीच्या नकाशांच्या नळीत ठेवला होता म्हणे. त्यावर तारखा होत्या. परीक्षेच्या आठ दिवस आधी मी तपासायला गेले होते, त्या दिवसाची नोंद: बाळाचे ठोके ५८.

परीक्षेच्या आधी. बसच्या आधी.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, मग मला वाचलं. बाटली, थेंब, बोटं. "आई, तोंड कायम कोरडं पडतं?"

"वयोमान."

"कधीपासून?"

"तरुणपणापासून."

"मग वयोमान कसं?" पत्रकाराला इतकं सोपं कोंडीत पकडू नये. त्यांनी नर्सला हाक मारली, "यांचंही रक्त घ्या."

मी विचारलं, "आधी सांगितलं असतं तर हिचं काही बदललं असतं?"

"नाही. औषध तेच, तपासण्या त्याच." सुई काढेपर्यंत थांबल्या. "पण तुम्ही एवढे आठवडे एकट्या घाबरला नसतात."

या बाईंबद्दल मी आधी लिहिलेलं खोडावं लागेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार. चोवीस आठवडे.

मधल्या दिवसांचं लिहायला हात उठला नाही. दिवसाआड: १४८, १४९, १४९, १४८, १४७. शंभरात दोनच, पण धास्ती पुरती शंभराची. मी जिना चढताना पायऱ्या मोजते, एकशे पन्नासावी पायरी नाही म्हणून बरं वाटतं. चौतीस आहेत.

आज एकशे पंचेचाळीस. मुंगीने माझी करंगळी धरली आणि डॉक्टरीणबाई गेल्यावर सोडली.

माझा अहवालही आला. तेच पहारेकरी, तीच जात. माझ्यात मुंगीहून जास्त. कोरडेपणाला नाव आहे. आजार आहे, स्वभाव नाही. सासूबाई असत्या तर त्यांना दुरुस्तीपत्रक पाठवलं असतं. पहिल्या पानावर, ठळक.

गृहस्थांना मात्र अजून फोन केला नाही. एकतीस वर्षं कागद लपवणाऱ्या माणसाशी बोलायची सुरुवात कुठून करतात?

१६ ऑक्टोबर, गुरुवार. सव्वीस आठवडे.

एकशे एकेचाळीस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोक्याचा काळ बहुतेक ओसरला. "बहुतेक" वर मी त्यांना भुवई दाखवली. "आई, मी पूर्ण म्हणत नाही. जन्मेपर्यंत यंत्र चालू ठेवा, जन्मल्यावर पुन्हा तपासू." मुंगीने बोटीवर निरोप धाडला. आम्ही दोघी रस्त्यावर आलो आणि कुठे जायचं तेच कळेना. दहा गुरुवार फक्त इथे यायचंच ठाऊक होतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

परवा मुंगीला म्हटलं, "इस्पितळातून माझं उरलेलं रक्त आण. ताटलीत घाल."

"नको. कशाला?"

"मला बघायचंय."

तिने तीनदा नाही म्हटलं. शेवटी लंबू म्हणाला, "काकूंचाच हक्क आहे."

काल घातलं होतं, आज दाखवलं. लंबूची ताटली शेजारी, आपल्या मजेत. माझ्या ताटलीतली चटई एकदा आकसली. मी मोजायला लागले. चार, पाच, सहा. पुन्हा एकदा, अर्धीच. मग नाही.

खोलीत बस नव्हती. रस्ता नव्हता, खड्डा नव्हता, परीक्षा नव्हती. काचेची ताटली स्थिर ओट्यावर होती, कुणी तिला हात लावला नव्हता.

"आता धुवू का?" मुंगी म्हणाली. म्हटलं, धू. ती धूत होती तेव्हा मी बाहेरच्या जिन्यात गेले आणि घरी फोन लावला.

"अहो, बसमुळे नव्हतं."

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "डॉक्टर म्हणाले होते, दोष आईच्या बाजूचा असावा. तुला बसचं कारण पुरत होतं, तर ते कशाला सांगायचं, असं वाटलं. त्या दिवसापासून रोज चुकीचं वाटतंय. रोज."

माणसाने एका दमात एवढं बोलणं म्हणजे आमच्या घरातली मोठी घटना. मला त्यांच्यावर रागवायचं होतं. त्यासाठी घसा ओला लागतो. बाटली आत राहिली होती, थेंब मात्र पदराला बांधलेले. ते काढले, दोन्ही डोळ्यांत घातले, जरा जास्तच. गालांवरून खाली आले.

"रडतेस का गं?" ते म्हणाले.

"नाही. औषध घालतेय."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला नाही. मीही नाही. आतून मुंगीची हाक आली, "आई, दोन दिवसांनी ये बघायला, परत चालू होतील." मी हो म्हटलं, आणि तशीच पायरीवर बसून राहिले. फोनमध्ये त्यांचा श्वास येत होता. मी मोजला नाही.